कुत्रं हरवलं तर आधी माणसं गाठा

गावाकडं हरवलेलं कुत्रं शोधायचं तर शिवार पालथं घालण्याआधी माणसं गाठावी लागतात. पहाटे दूध घेऊन कोण कुठल्या वाटेनं जातं, रात्री कोणाच्या रानात पाणी चालू आहे, मेंढरांचा वाडा कुठं बसलाय, एवढं कळलं की निम्मं काम झालं. आमचा बंड्या परत मिळाला तो अशाच माणसांमुळे. पुन्हा कोणाच्या घरावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून जे कळलं ते इथं मांडतो.

जुन्नर तालुक्यात आमचं गाव. चैत्रात यात्रा असते, तेव्हा पुण्याहून सगळं घर गावी जातं. बंड्या तांबडा, मध्यम चणीचा देशी कुत्रा, लहानाचा मोठा फ्लॅटमध्ये झालेला. पालखी वेशीत आली, शोभेचं दारूकाम सुरू झालं आणि दुसऱ्याच बाराला त्याच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल तुटलं. पडवीतून उडी मारून तो घरामागच्या उसात शिरला. आम्ही रात्रभर हाका मारल्या. उसातून काहीही बाहेर आलं नाही.

असं का होतं, ते पुढं पशुवैद्यांनी समजावून सांगितलं. भेदरलेलं कुत्रं ओळखीची हाक ऐकूनही दडून राहतं. दिवसा ते उसात, घाणेरीच्या जाळीत किंवा रस्त्याखालच्या मोरीत पडून असतं आणि अंधार पडल्यावर पाण्यासाठी हलतं. बॅटऱ्या आणि मोटारसायकली घेऊन घोळका मागं लागला की ते आणखी पुढं सरकतं. म्हणून घरातल्या एकानं, शक्यतो ज्याचा त्याला जास्त लळा आहे त्यानं, जिथून ते पळालं तिथंच थांबावं. त्याचं अंथरूण, घरच्यांचा वापरलेला न धुतलेला कपडा आणि पाणी तिथं ठेवावं. बरीच कुत्री आवाज थांबल्यावर आपणहून त्याच जागी परततात.

दुसरी गोष्ट गावातल्या कुत्र्यांची. प्रत्येक वस्तीची कुत्री आपली हद्द राखतात आणि परक्याला टिकू देत नाहीत. त्यामुळे हरवलेलं कुत्रं गावठाणात कमी आणि दोन वस्त्यांमधल्या मोकळ्या रानात, ओढ्याकाठी, कालव्याच्या भरावावर जास्त आढळतं. रात्री कुठल्या वस्तीची कुत्री एकाएकी उठली आणि कोणत्या बाजूला तोंड करून भुंकली, हे सकाळी विचारून घ्या. त्यातून दिशा कळते.

आता माणसं. पहिला थांबा दूध डेअरीचा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वाडीवरचा माणूस तिथं दूध घालायला येतो. डेअरीवर बातमी सांगितली की ती त्याच दिवशी वस्त्यांपर्यंत पोचते. मग किराणा दुकान, सलून, शाळा, ग्रामपंचायतीचा भोंगा. कालव्याचे पाटकरी, वायरमन आणि दुधाच्या टेम्पोचे ड्रायव्हर रोज कित्येक मैल शिवार पाहतात. मेंढपाळांना त्यांच्या वाड्याजवळ आलेलं परकं कुत्रं कधीच नजरेआड होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे ते रात्री दारं धरणारे शेतकरी. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की हीच माणसं अंधारात बांधावर असतात, आणि तुमचं कुत्रंही त्याच वेळी पाण्यावर येतं.

अशा ठिकाणी ‘कुत्रं हरवलं’ असा फलक लावाल, तर त्यावर फोटो मोठा आणि फोन नंबर त्याहून मोठा हवा. मजकूर मराठीत आणि थोडका: ‘पिसाळलेला नाही, घाबरलेला आहे. पकडू नका, दगड मारू नका. दिसताच फोन करा.’ हे शब्द फार मोलाचे आहेत. अनोळखी, धापा टाकणारं कुत्रं दिसलं की गावात पहिली शंका पिसाळल्याचीच येते आणि हात दगडाकडं जातो. बक्षिसाची रक्कम मात्र लिहू नका. ‘कुत्रं माझ्याकडं आहे, गाडीभाडं पाठवा’ असे फोन येतात. एखादी खूण जाहिरातीत न देता स्वतःकडं राखून ठेवा, ती विचारा आणि व्हिडिओ मागा. पैसे समोरासमोर द्या.

शोधताना धोक्याच्या जागा आधी बघा. कठडा नसलेल्या विहिरी मालकाला विचारून एकेक तपासा. कुत्रं पाण्यात दिसलं तर स्वतः उतरू नका. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून ती खाली सोडतात. आधार मिळाला की जनावर तिच्यावर चढतं. अस्तरीकरण झालेल्या कालव्याच्या भिंती गुळगुळीत असतात, पडलेल्या कुत्र्याला वर येता येत नाही. तिथं प्रवाहाच्या दिशेनं खालपर्यंत जा. रानडुकरांसाठी लावलेली फासकी आणि पिकाभोवतीच्या विजेच्या तारा कुठं आहेत, हे त्या त्या शेतकऱ्याला आधीच विचारा.

आणि बिबट्या. विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि गावातल्या जनावरांचा वाटा 87 टक्के निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. म्हणजे उसाच्या पट्ट्यात कुत्रं हरवलं तर घाई करावीच लागते, पण ती जिवाची किंमत देऊन नव्हे. अंधारात एकट्यानं उसात शिरू नका. दोघं-तिघं मिळून, काठी आणि बॅटरी घेऊन, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून कडेकडेनं चाला. बिबट्या दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा. घाबरलेल्या कुत्र्यासमोर खाली बसावं हा सल्ला सगळीकडं मिळतो आणि तो खराही आहे. पण बिबट्याच्या मुलखात वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून ते बसणं फक्त दिवसाउजेडी, मोकळ्या जागी, सोबत कोणीतरी उभं असताना.

आमच्या बाबतीत फोन आला तो दारं धरणाऱ्या एका काकांचा. म्हणाले, “चारीवर तांबडं कुत्रं पाणी पीत होतं बघा. गळ्यात काय नव्हतं. बॅटरी मारली तसं उसात घुसलं.” उजाडल्यावर आम्ही दोघंच गेलो. चारीच्या ओल्या मातीत पंजांचे ठसे होते, आणि एका पंजाचा ठसा प्रत्येक वेळी अर्धवट उमटलेला, लंगडत चालल्यासारखा. ठसे जवळच्या मोरीपर्यंत जात होते. पाइपात दोन डोळे चमकले. मी नाव घेतल्यावर तो गुरगुरला. मला त्यानं ओळखलं नव्हतं. बायको बाजूला उभी राहिली. मी त्याच्याकडं न बघता तोंड आडवं करून बसलो, वाऱ्याच्या दिशेनं घरची चादर पसरली, उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकत राहिलो. ऊन चढल्यावर त्यानं चादर हुंगली, आणि मग त्याची शेपटी हलली. त्यानंतर तो सरळ मांडीवर येऊन पडला.

सापडल्यावर एकदम पोटभर खाऊ घालू नका, थोडं थोडं द्या. अंगावरच्या गोचिडी, पंजे आणि चावे डॉक्टरांना दाखवा. लस झालेली असली तरी अनोळखी जनावर चावल्याची शंका असेल तर रेबीजचा वाढीव डोस लागतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. पकडताना तुम्हालाच दात लागले तर साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

गावी नेण्याआधीची तयारी सोपी आहे. धातूच्या बक्कलाचा पट्टा, त्यावर कोरलेला फोन नंबर, आणि यात्रा, वरात, दिवाळी असेल त्या रात्री दार लावलेली खोली. कातडीखाली बसवलेली चिप मालक कोण ते सांगते, कुत्रं कुठं आहे ते सांगत नाही. बहुतेक जीपीएस पट्टे मोबाईलचं नेटवर्क असेल तिथंच चालतात, तेव्हा तुमच्या शिवारात रेंज येते का ते आधी बघा.

आणि गावात राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. बांधावर अनोळखी, बिचकणारं कुत्रं दिसलं तर त्याच्या मागं धावू नका, दगड उचलू नका. लांबून एक फोटो काढा आणि डेअरीवर सांगा.