जुन्या धनुष्याचे रोगण



इंग्लंडात तुझ्या हाती आलेल्या, यू वृक्षाच्या जुन्या लांब धनुष्यास रोगण चढविण्याचा मनोदय तुझ्या पत्रातून कळला. रोगण हे रक्षणासाठी असते, नूतनीकरणासाठी नव्हे, एवढे ध्यानी धरलेस म्हणजे उरलेला तपशील अवघड नाही.

या धनुष्याच्या पाठीवरचे, म्हणजे तिरंदाजापासून दूरच्या बाजूचे, फिकट रसकाष्ठ ताण सोसते आणि पोटाकडील, म्हणजे त्याच्याकडच्या बाजूचे, तांबूस अंतःकाष्ठ दाब सोसते. पाठीवरचे वार्षिक वलय एके ठिकाणी जरी छेदले गेले तरी लाकूड तेथूनच उकलू शकते आणि पोटावरचे थोडे जरी खरवडले गेले तरी दोन्ही बाहूंचा समतोल ढळतो, म्हणून काचकागदास हात लावू नये अशी माझी सक्त ताकीद आहे. प्रत्यंचा उतरवून, टर्पेंटाइनने किंचित ओलावलेल्या मऊ फडक्याने मळ व जुने मेण तेवढे पुसून घे. मग तिरप्या उजेडात पोट न्याहाळ. तेथे केसासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या आढळल्या तर तंतू दाबाने चिरडले आहेत असे समजून ते धनुष्य पुन्हा कधी ओढू नकोस, कारण रोगण व्यंग झाकते, बरे करीत नाही. मुठीजवळ कारागिराचा शिक्का किंवा शाईने लिहिलेला ओढीचा आकडा असेल, तर तो त्या धनुष्याचा अस्सल दस्तऐवज होय. स्पिरिटाने शाई पसरते, तेव्हा तेवढी जागा वगळावी.

लाकूड निर्दोष ठरल्यावर, आपल्याकडे पळस-कुसुमांच्या फांद्यांवर पोसणाऱ्या किड्यांपासून मिळणारी चपडा लाख स्पिरिटात पातळ विरघळवून, आधी एखाद्या आडजागी अजमावून, बोळ्याने अगदी पातळ हात दे आणि एक हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नकोस. जाड थर धनुष्य वाकताच तडकतो. लाखेस पाण्याचा डाग लवकर पडतो, म्हणून वरून मधमाशीचे मेण लोकरी फडक्याने चोळावे; रॉजर ॲस्कमने 1545 सालच्या ‘टॉक्सोफिलस’ या ग्रंथात मेण लावलेल्या कापडाने धनुष्य रोज घासण्याचा उपदेश केला आहे, तो आजही शिरोधार्य आहे. लाखेऐवजी जवसाचे तेल वापरलेस तर तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकू नकोस, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळव.

रोगणाने दमटपणाचा शिरकाव मंदावतो, थांबत नाही. म्हणून धनुष्य शेगडीपासून व ओल्या भिंतीपासून दूर, आडवे ठेवीत जा. ज्या कारागिराने ते घडविले त्याचे काम तुझ्या हातून झाकले न जाता टिकावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ती पुरी कर.

तुझा,
काका