भिंतीचा पोत आणि चार हजार ठिपके



आपल्या शाळेची पश्चिमेकडची जुनी इमारत येत्या उन्हाळ्याच्या सुटीत उतरवली जाणार आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. ती पडण्यापूर्वी संगणकावरील एका खेळाच्या रूपात जतन करावी, खेळणाऱ्याला तिच्या ओसरीत व वर्गांत हिंडता यावे, असा अर्ज संगणक मंडळाच्या मुलांनी व्यवस्थापन समितीकडे दिला आहे. कल्पना सर्वांना आवडली. अर्जाच्या शेवटी मात्र एक मागणी होती: सगळे टेक्स्चर ४के पाहिजेत, त्याकरिता प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. विश्वस्तांनी आम्हाला विचारले की हे ४के म्हणजे काय, आणि त्यावाचून खरेच अडते काय? हाच प्रश्न पुष्कळ पालकांनाही घरी पडतो. तेव्हा उत्तर येथेच देत आहोत.

साडी विकत घेताना आई आधी तिचा पोत बघते. खेळातील टेक्स्चर म्हणजे असाच पोत, पण तो चित्राने दाखवलेला. संगणकातली भिंत मुळात एक कोरी, गुळगुळीत पाटी असते. तिच्यावर विटांचे, चुन्याचे, ओलीच्या डागांचे चित्र चिकटवले म्हणजे ती भिंत वाटू लागते. ही युक्ती एड कॅटमल यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात १९७४ साली मांडली. पुढे हेच गृहस्थ पिक्सार या ॲनिमेशन चित्रपटांच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

हे चित्र ठिपक्यांचे बनते. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यापुढे आणा. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा ठिपके, एकूण २५६. 'माइनक्राफ्ट' या खेळातील मातीच्या एका ठोकळ्याची बाजू एवढ्याच ठिपक्यांत रंगवलेली आहे, आणि २०२३ पर्यंत त्या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. म्हणजे खेळ आवडण्यासाठी बारीक पोत लागतोच असे नाही. पण आपल्याला एक खरी इमारत दाखवायची आहे, तिथे सोळा ठिपके पुरणार नाहीत.

आता गणित. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ ओळी व प्रत्येक ओळीत ४०९६ ठिपके, एकूण १,६७,७७,२१६. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता असे चार बाइट धरले तर ६४ एमबी झाले. बाजू निम्मी, म्हणजे २०४८ केली, तर १६ एमबी. १०२४ केली तर ४ एमबी. बाजू दुप्पट की जागा चौपट, हे सातवीच्या मुलालाही वर्गाच्या सूत्रावरून कळेल. शिवाय आजच्या खेळात एका भिंतीला एकच चित्र नसते. एक रंगाचे, एक उंचसखलपणाचे, एक चकाकीचे, अशी निदान तीन असतात. चांगल्या पद्धतीने दाबून बसवले तर प्रत्येक चित्र ६४ ऐवजी १६ एमबीत मावते. त्यात लहान प्रतींसाठी आणखी एक तृतीयांश जागा मिळवा (त्या कशाला लागतात ते पुढे येईल). तिन्हींची बेरीज बरोबर ६४ एमबी होते. ८ जीबीच्या कार्डात असे १२८ पोत बसतील, आणि तेही दुसरे काहीच ठेवले नाही तर. आपल्या जुन्या इमारतीत दारे, खिडक्या, फरशा, बाके, फळे मोजायला बसा. १२८ लवकर संपतात.

जागा संपली की काय होते? ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. कार्डाच्या स्मृतीत मावत असेल तोवर मोठ्या टेक्स्चरने खेळाचा वेग फारसा कमी होत नाही. मावले नाही की चित्रे संगणकाच्या मुख्य स्मृतीतून सावकाश आणावी लागतात, आणि खेळ अडखळू लागतो. म्हणून ज्या पालकांना कार्ड घ्यायचेच आहे त्यांनी नावापुढचा मोठा आकडा बघण्याआधी स्मृती किती जीबी आहे ते विचारावे.

पण हे सारे ठिपके डोळ्यांना दिसतात का? आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. भौतिकशास्त्रात दुर्बिणीची 'विभेदन क्षमता' शिकलो होतो: दोन जवळचे तारे वेगळे दिसतात की एकच, हे त्यावर ठरते. इथेही तेच लागू आहे. आपल्या प्रयोगशाळेच्या पडद्यांवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके आहेत. ४के टेक्स्चरमध्ये त्याच्या आठपट. भिंत पडदाभर दिसत असली तरी आठातले सात भाग वाया. दूर गेलात तर आणखी वाया. राजवाड्याच्या चौकात उभे राहून वरच्या मजल्यांच्या लाकडाची रेघ कोणाला दिसते? म्हणूनच १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी प्रत्येक चित्राच्या क्रमाने निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या लहान प्रती सोबत ठेवण्याची रीत सांगितली. लांबच्या वस्तूला संगणक लहान प्रत लावतो, नाहीतर ती लुकलुकते.

उलट बाजूही खरी आहे, आणि मुलांच्या वतीने ती सांगितली पाहिजे. खेळणारा भिंतीच्या इतका जवळ गेला की तिचा चौथा हिस्साच पडद्यावर उरला, तर ४०९६ पैकी १०२४ ठिपके १९२० जागांवर ताणले जातात. तेव्हा ४के सुद्धा धूसर दिसते. दुकानात ज्याला ४के पडदा म्हणतात तो (३८४० गुणिले २१६०) आणि ४के टेक्स्चर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या पडद्यावरही जवळून बघायच्या वस्तूला मोठे टेक्स्चर उपयोगी पडते.

ठिपके नुसते वाढवून मात्र भागत नाही. २०११ च्या 'रेज' या खेळात जमिनीसाठी एका बाजूला १,२८,००० ठिपक्यांचे एकच अवाढव्य चित्र वापरले होते, म्हणजे सोळाशे कोटींहून अधिक ठिपके. एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता. दुरून दृश्य अप्रतिम होते. पण प्रदेश इतका मोठा की प्रत्येक दगडाच्या वाट्याला थोडेच आले, आणि जवळ गेल्यावर सगळे पुसट दिसे. पुष्कळ संगणकांवर मान वळवली की चित्र उशिरा उमटे. दुसरे उदाहरण 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' चे. मार्च २०२३ मध्ये तो संगणकावर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर मध्यम दर्जाचे टेक्स्चर फारच खराब दिसत होते. निर्मात्यांनी पुढच्या काही महिन्यांत सुधारणा दिल्या आणि त्याच कार्डांवर तेच पोत कितीतरी चांगले दिसू लागले. कार्ड बदलले नव्हते, मेहनत वाढली होती. आणि पालकांच्या खिशाचा विचार करायचा तर 'फॉलआउट ४' या खेळाचा २०१७ चा उच्च दर्जाचा टेक्स्चर-संच ५८ जीबीचा होता. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर तो उतरवायला २९ दिवस लागतील, तेही घरातल्या कोणी दुसरे काही न बघता.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. ओसरीची भिंत सुमारे ६ मीटर लांब आहे. तिला ४०९६ ठिपके दिले तर एक ठिपका जवळजवळ दीड मिलिमीटरचा. १०२४ दिले तर सहा मिलिमीटरचा. विटा व ओल दाखवायला २०४८ पुरेत, अंगणाच्या फरशीला १०२४ सुद्धा चालतील. पण दाराशेजारी संगमरवराची पाटी आहे, ९० सेंटिमीटर रुंद, त्यावर पहिल्या देणगीदारांची नावे कोरलेली आहेत आणि खालच्या दोन ओळी आताच झिजून गेल्या आहेत. तिच्यापुढे प्रत्येक जण थांबून नावे वाचणार. तिला पूर्ण ४०९६ द्यावेत, म्हणजे एक ठिपका पाव मिलिमीटरहून लहान होतो व झिजलेले अक्षरही ओळखता येते. तीच गोष्ट मागच्या बाकांवर कर्कटकाने कोरलेल्या नावांची. (ती कोणी कोरली याची चौकशी आम्ही आता करणार नाही.)

आमचे मत समितीला कळवले आहे: सर्व संगणकांना कार्डे नकोत, एकाच संगणकाला जास्त स्मृतीचे घ्यावे. फोटो मात्र आजच जेवढे मोठे काढता येतील तेवढे काढावेत. मोठ्या चित्रावरून लहान केव्हाही करता येते. लहानाचे मोठे करणारी नवी यंत्रबुद्धीची साधने आहेत, पण ती अंदाजाने भर घालतात. पाटीवर कधीच नसलेले अक्षर ती बिनदिक्कत काढून देतील. १२ मेगापिक्सेलचा साधा फोन एका फोटोत ४००० ठिपके रुंदी देतो, तेव्हा पाटीसाठी वेगळ्या कॅमेऱ्याचीही गरज नाही. एक तिपाई हवी.

फोटो ढगाळ दिवशी किंवा भिंतीवर ऊन नसताना काढावेत, नाहीतर सावली चित्रातच उतरते आणि खेळात दिवा कुठेही असो, ती तशीच राहते. फ्लॅश नको. भिंतीसमोर सरळ उभे राहावे, तिरके नव्हे, आणि पहिल्या फोटोत एक मीटरची पट्टी भिंतीला टेकवून ठेवावी. आठवीच्या वर्गाने तोवर एक हिशेब करून आणावा: जिन्याचा कठडा ३ मीटर लांब आहे आणि त्यावरची नक्षीची रेघ २ मिलिमीटर जाड. ती रेघ निदान दोन ठिपक्यांत दिसायची तर कठड्याला १०२४ पुरतील, २०४८ की ४०९६?