पंगतीनंतरचा तपास : केटररने करायची कृती

असा फोन बहुधा रात्री येतो. धुळ्याच्या देवपुरातल्या लॉन्सवर दुपारची पंगत उठलेली असते, वऱ्हाड पांझरेचा पूल ओलांडून आपापल्या गावी पोचलेलं असतं, आणि वधूपिता विचारतो, "दादा, इकडे पंधरा जणांना उलट्या चालू आहेत. काय घातलं होतं तुम्ही?" सकाळपर्यंत गावाने निकालही लावलेला असतो : वांग्याची भाजी. तर्री दिसली, तिखट लागली, म्हणून तीच आरोपी. आपल्याकडे डाळीचं नावच 'फौजदारी डाळ'; खटला मात्र नेहमी वांग्यावर.

आजाराचं कारण ठरवणं हे डॉक्टरांचं, अधिकाऱ्यांचं आणि प्रयोगशाळेचं काम. पण कोणतं पातेलं किती वाजता उतरलं, बासुंदी कोणी आटवली, ती रात्रभर कुठे होती, हे फक्त केटररला ठाऊक असतं. आणि दोन दिवसांनी त्यालाही ते नीट आठवत नाही. म्हणून पहिल्या चोवीस तासांची ही कृती.

साहित्य : एक जाड वही, मेन्यूची यादी, किराणा-दुधाच्या पावत्या, कामगारांची हजेरी, झाकणाचे स्टीलचे छोटे डबे, फ्रीजमधली रिकामी जागा, आणि यजमानांकडची आहेराची वही. कोण आलं होतं आणि कोणत्या गावाहून, हे त्या वहीइतकं नेमकं दुसरीकडे मिळत नाही.

आधी माणसं. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, पाणीही न टिकणारा रुग्ण, ताप, शौचातून रक्त, गुंगी, अंधूक दिसणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना. बाकीच्यांना ओआरएस घोट घोट. उलटी थांबवायची गोळी आपल्या मनाने वाटू नका. त्याच बैठकीत महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. इथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात, पण लपवलेलं प्रकरण महागच पडतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ६५ खाली मृत्यूला किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाई आहे. ती वाचवायची वाट लवकर उपचारांतून जाते, भांडी घासून टाकण्यातून नाही.

तेव्हा दुसरा फोन भांडीवाल्याला : पातेली घासू नकोस. उरलेल्या प्रत्येक पदार्थातला वाटीभर, उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने, वेगवेगळ्या डब्यात भरा. डब्यावर पदार्थ, तारीख, वेळ आणि तो कुठे ठेवला होता हे लिहा. फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. आणि "बघू तरी, आंबलंय का" म्हणून चाखू नका. घातक अन्नाला वास किंवा वेगळी चव असतेच असं नाही.

आता घड्याळ. प्रत्येक आजारी माणसाला दोनच वेळा विचारा : किती वाजता जेवलात, पहिला त्रास किती वाजता? मधलं अंतर बरंच काही सांगतं. काही मिनिटांत त्रास झाला तर जंतूंपेक्षा रसायनाचा संशय आधी घ्या. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावी शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली, ती मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे. कापसाच्या मुलखात फवारणीचे डबे घरोघरी सापडतात. तेल, पाणी, मीठ कशातून आलं हे पाहाच. एक ते सहा तासांत, ताप नसताना उलट्यांचा जोर असेल, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष : दूध-खव्याच्या पदार्थात स्टॅफिलोकोकसचं, शिळ्या भातात बॅसिलस सेरियसचं. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, उलट्या कमी, तर मोठ्या पातेल्यात हळूहळू निवलेलं मटण किंवा वरण आठवा. बारा तासांपासून पुढे दोन-तीन दिवसांत तापासह जुलाब असतील तर साल्मोनेला असू शकतो. अशा वेळी लग्नाचं जेवण निर्दोषही असेल. आदल्या रात्री हळदीला घरी काय शिजलं होतं, तेही वहीत घ्या.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तोच गाळतात. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारा. आजारी माणसांपैकी नव्वद टक्क्यांनी वांग्याची भाजी खाल्ली, हे ऐकायला भयंकर वाटतं. पण वरण-बट्टीच्या पंगतीत ती न खाणारा सापडतो कुठे? ठणठणीत राहिलेल्यांनीही ती तितकीच ओरपलेली असते.

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्याचं. १८ एप्रिल १९४० ला तिथल्या चर्चच्या जेवणानंतर लोक आजारी पडले. तपासनिसांनी ७५ जणांना गाठलं. त्यातले ४६ आजारी होते. भाजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्या ४६ पैकी २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. सापडला चोर? थांबा. ते न खाणाऱ्या २९ पैकीही १७ आजारी होते, ५९ टक्के. मांस सुटलं. मग व्हॅनिला आइस्क्रीम : खाणाऱ्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाणाऱ्या २१ पैकी फक्त ३. ८० टक्के आणि १४ टक्के. आइस्क्रीमचं मिश्रण आदल्या दिवशी करून रात्रभर तळघरात ठेवलेलं होतं.

तुम्हीही असंच करा. वहीच्या पानावर प्रत्येक पदार्थासमोर चार रकाने आखा : खाल्लं-आजारी, खाल्लं-बरे, न खाल्लं-आजारी, न खाल्लं-बरे. मठ्ठा, बर्फ, जारचं पाणी, कोशिंबीर, पान हेही पदार्थच समजा. खाणाऱ्यांचे आणि न खाणाऱ्यांचे टक्के जिथे सर्वांत लांब पडतील, तिथे बोट ठेवा. न खाणारे दोन-चार आजारी निघाले म्हणून हिशेब मोडू नका. एकाच डावाने दोन पातेली ढवळली जातात, आणि बासुंदी खाल्ली हे मधुमेही मामा मुलांसमोर कबूल करत नाहीत.

मग त्या एका पदार्थाच्या मागे उलटं चालत जा : वाढपी, काउंटर, पातेलं, चूल, दुकान. प्रत्येक ठिकाणी हात कोणाचा आणि वेळ किती, एवढंच. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि मे महिन्यात धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मांडवातली सावलीही त्यांच्या सोयीचीच असते. सकाळी आटवून खोल पातेल्यात झाकून ठेवलेली बासुंदी दुपारी पुन्हा उकळली तरी स्टॅफिलोकोकसचं विष जात नाही, हे आचाऱ्यांना पटवायला फार वेळ लागतो. कामगारांना विचारताना आवाज चढवू नका; चढवलात की कापलेलं, पू झालेलं बोट खिशात जातं.

उपवासाच्या ऑर्डरचा तपास थोडा वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि दवाखान्याबाहेर दोऱ्यांना सलाइन टांगावं लागलं. भगरीला बुरशी लवकर धरते, आणि बुरशीचं विष शिजवूनही टिकू शकतं. म्हणून भगर सुटी घेऊ नका, पीठ दळून साठवू नका, आणि पाकिटावरचा बॅच नंबर पावतीवर टिपून ठेवा. बर्फाचंही तसंच : खाण्याजोगा नसलेला बर्फ नियमाने निळसर रंगाचा असायला हवा, तो मठ्ठ्याच्या आसपासही नको.

वही, डबे आणि पावत्या अधिकाऱ्यांच्या हाती देऊन पोच घ्या. वहीतून निघतो तो संशयित. गुन्हा सिद्ध करायचा प्रयोगशाळेने. तोवर दूधवाला, किराणावाला किंवा एखादा पोऱ्या, कोणाचंही नाव गावात घेऊ नका.

हा सगळा खटाटोप निम्म्यावर येतो तो एका सवयीने. पंगत सुरू होण्याआधी प्रत्येक पातेल्यातली वाटीभर, नाव आणि वेळ लिहून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. खर्च जवळजवळ शून्य. येत्या ऑर्डरपासूनच सुरू करा.