जाम झालेला बोल्ट आणि अभ्यास-वैराग्य



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३५.

या तीन श्लोकांत अर्जुन अगदी आपल्यासारखा बोलतो. तो म्हणतो, देवा, तुम्ही सांगितलेला हा समतेचा योग ऐकायला छान आहे, पण माझं मन एका जागी टिकेल असं मला वाटत नाही. ते चंचल आहे, हट्टी आहे. वाऱ्याला मुठीत धरावं तसं हे काम आहे. भगवंत त्याला रागावत नाहीत. हो, मन आवरायला कठीण आहे, हे आधी मान्य करतात आणि मग दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांतही पहिल्या पादाच्या बाराव्या सूत्रात हीच जोडी आहे.

आता प्रश्न असा की उपाय दोन का? आपल्यापैकी बरेच जण अभ्यास म्हणजे रोजचा नेम एवढंच धरतात आणि वैराग्य म्हणजे म्हातारपणीचं काम समजून बाजूला ठेवतात. हे दोन्ही एकाच कामात, एकाच दिवशी लागतात, हे मला गेल्या वर्षी हर्णेला घरच्या अंगणात नीट कळलं. तेव्हा हातात पोथी नव्हती, पाना होता.

काम काय होतं

बाबांची ओम्नी २००९ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून जुन्या कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली होती. फीचा प्रश्न नव्हता. तपासणीला गाडी न्यायची तर मागच्या पाट्याचे बुश बदलायला हवे होते, खड्ड्यात गाडी खडखड वाजत होती. आजीला दापोलीला डॉक्टरांकडे न्यायचं साधन घरात हेच.

ओम्नीला मागे लीफ स्प्रिंग असते, आपण पाटा म्हणतो. पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश, बुशच्या मधोमध लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. नवीन बुश पंधरा मिनिटांत बसतो. खरं काम म्हणजे जुना बोल्ट बाहेर काढणं.

दोष गाडीचा नाही, जागेचा. हर्णे बंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. समोर सुवर्णदुर्ग, संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, बैलगाड्या थेट पाण्यात, आणि हवेत कायम खार. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात, पण मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया कितीतरी वेगाने होते. शिवाय गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्यापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. बोल्ट आणि नळी यांच्यातली केसाएवढी फट त्याने गच्च भरते. त्यामुळे बोल्ट नुसता चिकटलेला नसतो, चारी बाजूंनी आवळलेला असतो.

आपल्या सवयी अशाच आवळल्या जातात. एकेक थर इतका पातळ असतो की बसताना कळत नाही.

अभ्यास : जोर थोडा, वेळा जास्त

शेजारचे काका पूर्वी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मी लांब पाइप शोधायला लागलो तसे ते म्हणाले, "अरे, पाइप नंतर. आधी तेल पाज त्याला. आज बोल्टला हात लावायचा नाही."

त्यामागचा हिशेब असा. २५ सेंटीमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर लावला की साधारण ४९ न्यूटन-मीटर पीळ बसतो. तोच जोर ७५ सेंटीमीटरच्या पाइपवर लावला की १४७. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल, तर त्या जातीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट आवळायला साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे पाइप लावून झटका दिला की गंज सुटण्याआधी बोल्ट तुटू शकतो, किंवा त्याचं डोकं गोल होतं आणि पाना धरायलाच काही उरत नाही.

म्हणून आम्ही असं केलं :

१. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ केले. माती-गंजावर तेल मारलं तर ते आत जात नाही.

२. दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल मारलं. शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी, दुपारी, पुन्हा रात्री. प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले. हादऱ्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल त्यांतून आत झिरपतं.

३. रविवारी सहा कोनांचा सॉकेट लावला. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या डोक्यावरून घसरतो.

४. आधी किंचित आवळलं, मग सैल केलं. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल.

योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत : दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने. गीतेच्या याच अध्यायात २५व्या श्लोकात "हळू" या अर्थाचा शब्द लागोपाठ दोनदा येतो. एकदा सांगून आपण ऐकणार नाही, हे बहुधा देवालाही ठाऊक असावं! तिसरी अट, आदराची, मला पूर्वी शोभेची वाटायची. पण समोरची वस्तू पंधरा वर्षं आवळलेली आहे, ती माझ्या सुट्टीच्या वेळापत्रकाने सुटणार नाही, हे मान्य करणं म्हणजेच आदर.

मित्रांनो, एक व्यवहाराची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, चॅसिसखाली स्टँड आणि अॅक्सलला वेगळा आधार. बोल्ट सुटला की पाटा खाली येतो. जवळच पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप असतो, म्हणून आग लावून गरम करणं आम्ही टाळलं. आणि हे काम एकट्याने करू नका.

फिरतो, पण सुटत नाही

रविवारी नट निघाला. आम्ही खूश! मग बोल्ट फिरवला तर तो फिरलाही. पण पाना सोडला की परत जागेवर. काका हसले. बोल्ट नळीला धरून बसला होता आणि नळी रबरात. आम्ही बोल्ट फिरवत नव्हतो, रबर पिळत होतो. हात सोडला की रबर उलटं फिरायचं.

साधनेत हे फार वेळा होतं. जप चालू असेपर्यंत मन शांत, माळ ठेवली की दोन मिनिटांत जुन्या रागावर परत. आपल्याला वाटतं प्रगती झाली, पण आतली पकड तशीच असते. अशा वेळी आपण काय करतो? आणखी जोर लावतो. जपाची संख्या दुप्पट, पाइप आणखी लांब.

इथे दुसरा उपाय लागतो.

वैराग्य : काय वाचवायचं ते ठरवणं

काका म्हणाले, "आता हा बोल्ट आपला नाही. काप."

माझा जीव त्या बोल्टमध्ये अडकला होता. दोन दिवस घातले होते ना त्याच्यावर! पण वाचवायचा होता पाटा, हँगर आणि गाडीत बसणारी माणसं. बोल्ट दुकानात नवा मिळतो. ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलजवळ नकोत म्हणून हॅक्सॉने, पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्या फटीतून, दोन्ही बाजूंनी कापला. बाबा आणि मी आळीपाळीने. वेळ लागला, पण निघाला.

आणखी एक वैराग्य मी बाबांचं पाहिलं. हँगर ज्या चॅसिसला जोडलेला असतो तिथलं लोखंड कुजलं असेल, तर बुश बदलून काही उपयोग नाही. ती गाडी रस्त्यावर नेणं म्हणजे इतरांच्याही जिवाशी खेळ. बाबांनी गाडी वर उचलण्याआधीच सांगितलं होतं, "तिथं स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर गाडी इथंच थांबली. मग मला समजवायला येऊ नको." बोल्ट निघाल्यावर त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं. पत्रा ठणठणीत निघाला. पण निकाल काहीही लागला असता तरी त्यांचं ठरलेलं होतं. गाडी त्यांना प्रिय आहे, आणि तरीही हा निर्णय त्यांनी प्रेमावर सोडला नाही. वैराग्य म्हणजे नावड नव्हे, हे मला त्या वाक्याने समजलं.

अभ्यासाशिवाय वैराग्य म्हणजे पहिल्याच दिवशी कटर हातात घेणं. वैराग्याशिवाय अभ्यास म्हणजे रबर पिळत बसणं. म्हणून भगवंतांनी दोन्ही एकत्र सांगितले असावेत.

नवा बोल्ट बसवताना

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या बोल्टच्या दांड्यावर गंजरोधक ग्रीस लावा, पण साधं ग्रीस रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यावर आल्यावरच करा. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शिबिरात, सुट्टीत, मन हलकं असताना केलेले संकल्प का टिकत नाहीत, याचं उत्तर मला इथे मिळालं. ते ओझं नसताना आवळलेले असतात. नेम ठरवायचा तर सोमवारी सकाळी, स्टँड-अप मीटिंगच्या आधी, घरातल्या कामांच्या गर्दीत ठरवा. तिथे जेवढा पेलेल तेवढाच घ्या.

आता बाबा बंदरावरून आले की गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुतात. दहा मिनिटं. तोही अभ्यासच.

आजचा सराव

- एक जुनी सवय निवडा. या आठवड्यात तिला तोडायला जाऊ नका. दिवसातून चार वेळा फक्त एक मिनिट नामस्मरण करून तिच्याकडे पाहा.
- त्या सवयीच्या आत तुम्ही नक्की काय वाचवू पाहताय, ते एका ओळीत लिहा. ते खरंच वाचवण्यासारखं आहे का?

उद्या श्लोक ३६ ते ४० वाचू : प्रयत्न अर्धवट राहिला तर साधकाचं काय होतं, हा अर्जुनाचा पुढचा प्रश्न.

हरि ॐ!