गोष्ट दोघांची आहे

सातारा

चि. सई हिस,


परवा तुझ्या आईशी फोनवर बोललो. चाचणीचे गुण तिनं सांगितले. त्यावर मी काही बोलत नाही, बाबा बोललेच असतील. मला लिहायला बसवलं ते वेगळ्याच बातमीनं. सुमीमावशी सांगत होती की ओंकारनं तुमच्या गोष्टीची वही कपाटावर टाकली आहे आणि तिचं नावही काढत नाही. का, तर सईताईनं त्याला लेखनिक करून टाकलंय. कथानक तू ठरवणार, ठिकाणं तू ठरवणार. त्यानं नकाशे काढायचे आणि तुझी प्रकरणं चांगल्या अक्षरात उतरवायची. खरं आहे का हे? निम्मं खरं असलं तरी मला आवडलेलं नाही.

दिवाळीत तुम्ही दोघांनी बेत सांगितला तेव्हा मी किती खूष झालो होतो, आठवतं ना? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि अण्णा भाऊंचा फकिरा एकाच गोष्टीत! आणि आता ऐकतो ते काय, तर तिसऱ्या प्रकरणात फेणे अडचणीत आला की फकिरा घोड्यावरून धावत येतो. म्हणजे फकिरा फेणेचा अंगरक्षक? अगं, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा माणूस, गावाचा छळ थांबावा म्हणून आपण होऊन सरकारच्या हाती जाणारा. १९५९ साली अण्णा भाऊंनी ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती काय त्यानं विद्याभवनातल्या पोराच्या हाकेला ‘जी’ म्हणावं म्हणून? असल्या माणसाला हरकाम्या करणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे, ती निदान तुमच्या वहीत नको. फेणेलाही ते शोभत नाही. फुरसुंगीचं ते काटकुळं पोरगं स्वतःच्या डोक्यानं संकटातून सुटतं आणि मग ‘ट्टॉक’ करतं, म्हणून तर तो आम्हाला आवडला.

दुसरं ऐकलं ते असं : वाटेगाव सांगली जिल्ह्यात, म्हणून फकिरा तुझा, ओंकार साताऱ्याचा, त्याचा काय संबंध! बाईसाहेब, फकिराच्या काळी वाटेगाव सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये जिल्हा फुटून उत्तर आणि दक्षिण सातारा झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० मध्ये. हक्कच सांगायचा तर ओंकारचा आधी लागतो. पण हक्क सांगूच नये. दोघांनीही माणसं उसनी आणली आहेत, भागवतांकडून एक आणि अण्णा भाऊंकडून एक. (वही घरात फिरू दे हवी तेवढी. छापायची हौस आली तर आधी मला विचारा. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि अण्णा भाऊ गेले १९६९ साली.)

आता तुमचं खरं अडलंय ते काळावर. फेणे सायकलवाला, स्वातंत्र्यानंतरचा. फकिरा इंग्रजांच्या अमलातला. तू म्हणे फेणेला स्वप्न पाडणार आहेस. स्वप्न नको. स्वप्नात काहीही चालतं, आणि काहीही चालतं म्हटलं की वाचणाऱ्याला धाकधूक उरत नाही. त्यापेक्षा हे बघ. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. सांगतात की त्या सुमारास फकिरानं खजिना लुटला होता, आणि बाळंतिणीसाठी त्यानं दोन ओंजळी सुरती रुपये दिले. त्यातलाच एक रुपया पन्नास वर्षांनी साताऱ्यात कुणाच्या तरी हाती लागला तर? चोरीला गेला तर? फेणे त्या रुपयामागे निघेल, आणि वाटेत ज्यांनी फकिराला डोळ्यांनी पाहिलं होतं असे म्हातारेकोतारे त्याला भेटतील. फकिरा त्यांच्या तोंडून येऊ दे, पुरा, घोड्यासकट. फेणेला तो दिसणार नाही, पण पोरगं त्याच्या गावापर्यंत पोचेल. मला तरी हे भेटण्याहून मोठं वाटतं. पटत नसेल तर सोडून दे. फक्त ते एकटीनं ठरवू नकोस, ओंकारला विचार.

रस्त्याचं मात्र माझं ऐका, सगळा जन्म एसटीत गेलाय माझा. फुरसुंगी आपल्या पुणे-मिरज रेल्वेवरच आहे, तेव्हा फेणेला साताऱ्याला यायला सायकल मारायची गरज नाही. तो ती गाडीत टाकेल. पुढे वाटेगावसाठी शेणोलीला उतरवा नाहीतर ताकारीला, पण दोन्ही स्टेशनं कृष्णेच्या अलीकडे, पूर्वेला, आणि वाटेगाव पलीकडे. म्हणजे नदी ओलांडणं आलं. पावसाळा धरलात तर फुगलेली कृष्णा, नाव, नावेत सायकल आणि नावाडी नाही म्हणतोय! अख्खं प्रकरण फुकट मिळतंय तुम्हाला. माहुलीला वेण्णा मिळते तिथून कऱ्हाडच्या कोयनेपर्यंत ओंकारनं लिहावं, तिथून खाली हरिपूरला वारणा येईपर्यंत तू. नकाशे दोघांनी काढावेत. आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं त्याला न विचारता खोडू नये.

मी हे का सांगतोय? शाळेत असताना माझा एक मित्र होता. त्याला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आवडायचा, मला नारायण धारपांचे समर्थ. आम्ही दोघांना अजिंक्यताऱ्यावर एकत्र आणलं, आणि भूत खरं निघावं की भुताच्या वेषातला चोर, यावर भांडत बसलो. तो म्हणे माणूस निघाला पाहिजे, मी म्हणे भूतच. तेरा प्रकरणं झाली, शेवटचं राहिलं. मग त्याच्या वडिलांची बदली झाली आणि वही त्याच्या ट्रंकेत गेली. भूत की चोर, हे अजून कुणाला ठाऊक नाही. पुढं पुष्कळ माणसं भेटली, चांगली भेटली, पण एका भुतासाठी आठ-आठ दिवस माझ्याशी भांडेल असा कुणी भेटला नाही. त्याचा पत्ताही आता माझ्यापाशी नाही.

जास्त बोललो का? तुझी आई म्हणेल, दादा पोरीला उगाच रडवतो. तू लिहितेस ते मला खरंच आवडतं. दुसऱ्या प्रकरणातली ती म्हातारी, फेणेला ताक देऊन त्याची जात न विचारता गाव विचारणारी, ती कुठून आणलीस गं? ओंकारनं ते पान मला दोनदा वाचून दाखवलं. दोनदा. स्वतःची प्रकरणं वाचताना त्याचा आवाज इतका चढत नाही. तो रुसलाय, पण तुझ्या लिहिण्यावर नाही. आपल्याला विचारलं नाही म्हणून रुसलाय. त्याला फोन कर. मेसेज नको, फोन कर. सॉरीबिरी काही म्हणू नकोस, ‘नावेत सायकल मावेल का रे?’ एवढंच विचार. पुढचा तासभर तोच बोलेल, तू ऐकत राहा.

परीक्षा झाली की इकडे ये. वरची खोली तुमची. मामी तुम्हाला हाक मारणार नाही आणि मी वर डोकावणार नाही. सोबत पाचशे रुपये ठेवले आहेत, त्यात तिकीट काढ आणि दोनशे पानी वह्या घे.

तुझा
मामा

ता. क. शेणोली की ताकारी ते मला कळवू नका. वाचतानाच कळू दे.