बेडकीचा पाला

मुलांनो, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाड तालुक्यात टोकावडे हे गाव आहे. श्रावणात एकदा आम्ही तेथील रानात गेलो होतो. बरोबर एक वृद्ध ठाकूर गृहस्थ होते. सारे त्यांना बाबा म्हणत. त्यांनी एका वेलीची दोन पाने खुडून एका मुलास चावावयास दिली व मग त्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला. मुलगा चकित होऊन म्हणाला, "गुरुजी, हा गूळ मातीसारखा लागतो!"

बाबा हसले. "गूळ तोच हाय, पोरा, पाल्यानं जिभेला फसवलं."

हा बेडकीचा पाला. यालाच गुडमार किंवा मधुनाशिनी म्हणतात. यातील द्रव्ये जिभेवर गोडी ओळखणाऱ्या सूक्ष्म भागांना चिकटतात व काही वेळ गोड चव कळेनाशी होते.

मधुमेहात रक्तातील साखर प्रमाणाबाहेर वाढते. या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी हेरले होते. या रोगावर बेडकीचा पाला, जांभळाच्या बिया, कारले व मेथी यांचा उपयोग लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांपैकी काहींनी साखर थोडीफार उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु डॉक्टरांच्या औषधाची जागा ती घेऊ शकतील, असे सिद्ध झालेले नाही.

माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी गोळ्या सोडून केवळ पाल्याचा रस घेण्यास आरंभ केला. "आता मला गोडाची वासनाच उरली नाही," असे ते आनंदाने सांगत. रक्त मात्र त्यांनी तपासून घेतले नाही. पुढे पायाची लहानशी जखम चिघळली आणि पायाचे एक बोट कापावे लागले. जीभ फसली होती; रक्त फसले नव्हते.

मग रानातील औषध टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती गावठी औषधांत वापरीत. तिच्यातील द्रव्ये साखर उतरवीत. पण ती विषारीही होती. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्यांचा अभ्यास केला. त्याच जातीचे मेटफॉर्मिन हे औषध १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले. १९५७ साली फ्रान्सचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेही रोग्यांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. आज जगभर ते दिले जाते.

बाबांसारख्या जाणत्यांपाशी असे कितीतरी ज्ञान आहे. ते आदराने ऐका, वहीत टिपून ठेवा. मात्र अनोळखी पाला तोंडात घालू नका, आणि घरातील कोणाचे औषध परस्पर बंद होऊ देऊ नका.

शब्दार्थ : हेरणे – बारकाईने ओळखणे. वासना – इच्छा. परस्पर – न विचारता.

स्वाध्याय
१. 'जीभ फसली होती. रक्त फसले नव्हते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. गॅलेगा वनस्पती तशीच न वापरता तिचा अभ्यास का करावा लागला?
३. घरातील वडील माणसांना विचारून परिसरातील पाच औषधी वनस्पतींची नावे व उपयोग लिहा.