या दुखण्याचं नाव घे

सातारा,
रविवार

चि. सौ. सोनूस,


बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी ओढताना तुला शिंक आली आणि दोरी माझ्या हातात देऊन तू तडक आत गेलीस. आलीस ती साडी बदलूनच. बाळाने ओली केली असेल असं बाकीच्यांना वाटलं. मला वाटलं नाही, कारण अशी साडी मी बावीस वर्षं बदलली आहे.

परवा फोनवर मीच विषय काढला, तेव्हा म्हणालीस, "आई म्हणते, सगळ्यांचंच होतं असं. होईल कमी." ताईवर रागावू नकोस. तिला तिच्या सासूबाईंनी जे सांगितलं, तेच तिने तुला सांगितलं. आणि अर्धं खरंही आहे. बाळंतपणानंतर साधारण तिघींतल्या एकीला लघवी गळण्याचा त्रास होतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो पुष्कळ जणींचा आपोआप कमीही होतो. पण तुझं बाळ आता तीन महिन्यांचं झालं. अजून खोकताना, शिंकताना, बाळाला उचलताना गळत असेल तर वाट बघत बसायचं नाही, दाखवायचं.

आपल्याकडे बाळंतिणीचं किती प्रेमाने करतात! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, रोजचं मालीश, शेक, धुरी, घट्ट बांधलेलं पोट. ताईने तुझं काही कमी केलं नाही. पण ज्या जागेवर सगळ्यात जास्त ताण आला, तिच्याबद्दल सव्वा महिन्यात कोणी एक शब्द विचारला का? विचारणार कसं, त्या जागेला घरात शब्दच नाही. "तिथलं", "खालचं" एवढ्यावर बोलणं थांबतं.

म्हणून आधी नीट नाव सांगते. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही त्या झोळीवर पेललेले असतात. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. नऊ महिने ती ओझं वाहते आणि बाळ बाहेर येताना कमालीची ताणली जाते. तुझ्या बाळाचं तर डोकं बराच वेळ खाली अडकलेलं होतं, शेवटी चिमटा लावला, टाके पडले. झोळी सैल पडली यात तुझा आळस नाही की नाजूकपणा नाही. सिझेरियन झालेल्या बायकांनाही हा त्रास होऊ शकतो, कारण ओझं त्यांनीही वाहिलेलं असतं.

आता माझं ऐक. धाकट्याच्या वेळी मी एकतीस वर्षांची होते. शाळेत गडद रंगाच्या साड्या नेसायला लागले. एसटीने कुठे जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. दासनवमीला सज्जनगड चढणं आमच्या घरचा नेम होता, तो मी गुडघ्याचं निमित्त सांगून सोडला. गुडघे माझे आजही ठणठणीत आहेत. तुझ्या काकांनाही खरं सांगितलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी खाली जड वाटायला लागलं, काहीतरी उतरतंय असं वाटायला लागलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. अंग खाली सरकायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "दिवस नाही गं, बावीस वर्षं." चार महिन्यांच्या व्यायामाने गळणं जवळजवळ थांबलं, जडपणा उतरला. चार महिन्यांचं काम होतं आणि मी बावीस वर्षं घालवली. हे पत्र त्याचसाठी आहे.

तू म्हणालीस, मोबाइलवर बघून केगलचे व्यायाम करतेस, रोज शंभर. त्या डॉक्टर केगलची गोष्ट तुला माहीत असायला हवी. अमेरिकेतल्या या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये हे व्यायाम मांडले, पण नुसतं "आवळा" असं सांगून बायकांना घरी पाठवलं नाही. दाब मोजणारं एक यंत्र त्याने तयार केलं, म्हणजे स्नायू खरंच आवळला जातोय का हे बाईला स्वतःला दिसावं. कारण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. मीही आधी स्वतःच करून पाहिलं होतं. श्वास कोंडून, मांड्या आणि कुल्ले आवळून मी जोर लावत होते तो खालच्या दिशेला! उचलायचं ते ढकलत होते. आणि काही जणींचे स्नायू सैल नसतात, उलट आखडलेले असतात. टाक्यांच्या जागी दुखतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. अशीने रोज शंभर वेळा आवळलं तर दुखणं वाढेल. तिला आधी सैल सोडायला शिकावं लागतं. तुझं काय आहे, हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि मोबाइलही सांगू शकत नाही.

तेव्हा आधी तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. टाके भरलेत का, अंग उतरलंय का, लघवीत जंतू आहेत का, हे त्या बघतील. मग फिजिओथेरपिस्ट. फोन करतानाच विचार, "पेल्विक फ्लोअरचं काम करता का?" कारण गुडघे-कंबर बघणारे सगळेच हे करत नाहीत. तीन दिवस वहीत लिहून ने: किती पाणी प्यायलीस, किती वेळा लघवीला गेलीस, कधी गळली.

तपासताना काय होतं याची धास्ती घेऊ नकोस. दार बंद असतं, तुझी परवानगी घेऊन, हातमोजा घालून, एका बोटाने स्नायूची ताकद बघतात. बाईच हवी असं सांगण्याचा, कोणाला सोबत ठेवण्याचा, "आज नको" म्हणण्याचाही तुला हक्क आहे. मग तुझ्या ताकदीप्रमाणे व्यायाम ठरतो. साधारणपणे एका वेळी निदान आठ वेळा आवळायचं आणि तितकंच नीट सोडायचं, असं दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, ही युक्ती तर पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. शौचाला कुंथू नकोस, कमोडवर बसताना पायांखाली पाट घे. लघवी करताना मध्येच थांबवून व्यायाम करायचा नाही. आणि पाणी कमी करू नकोस, तू अंगावर पाजतेस.

शौच किंवा वायू आवरता येत नसेल, लघवी सतत ठिबकत असेल किंवा अडकत असेल, खाली हाताला गोळा लागत असेल, ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. लगेच डॉक्टरकडे जा.

न दाखवणाऱ्या आपण दोघीच नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी बायकांची तपासणी केली. 1989 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगाला धक्का बसला: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. त्या बायकांना निदान दवाखाना दूर होता. तुझ्या पुण्यातल्या घरापासून दवाखाने रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि इथे माझ्या घरापासूनही होते. मला अडवलं ते अंतराने नाही, तोंडातून न निघणाऱ्या शब्दाने.

म्हणून पहिलं वाक्य मीच देते. खुर्चीत बसलीस की इकडचं तिकडचं न बोलता म्हण, "डॉक्टर, शिंकले की माझी लघवी गळते." एवढं म्हटलंस की पुढचं विचारणं त्यांचं काम. आज रात्री हेच वाक्य जावईबापूंना सांग. व्यायामाची दहा-दहा मिनिटं बाळाला त्यांनी घ्यायचं आहे, तर कशासाठी ते त्यांना कळू दे.

येत्या गुरुवारी मी सकाळच्या एसटीने येते. बाळाला मी सांभाळीन. तू वेळ घेऊन ठेव.

तुझी,
मावशी